तैलरंगात हुबेहूब पोर्ट्रेट कसं रंगवतात? सुरुवात डोळ्यांपासून नाही, सावलीपासून होते

कोरा कॅनव्हास. तपकिरी रंगाचे दोन-चार फराटे. मग झपाझप फिरणारा ब्रश आणि अर्ध्या मिनिटात समोर एक जिवंत वाटणारा चेहरा. तैलरंगातल्या पोर्ट्रेटची अशी एखादी रील प्रत्येकाच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलेली असते. खाली एक कमेंट ठरलेली असते, ‘हा फोटो आहे की पेंटिंग?’

त्या अर्ध्या मिनिटामागे बऱ्याचदा काही आठवड्यांचं काम असतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण अशी रील थांबवत थांबवत बघितली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बराच वेळ चित्रकाराने डोळे, पापण्या, ओठ यातलं काहीच नीट रंगवलेलं नसतं. तरीही माणूस ओळखू यायला लागलेला असतो.

शिकणारे विद्यार्थी नेमकं उलटं करतात. पहिल्याच दिवशी एक डोळा पापण्यांसकट पूर्ण करतात. डोळा सुरेख होतो, पण चेहरा भलत्याच माणसाचा वाटतो. असं का होतं आणि तैलरंगातलं वास्तववादी व्यक्तिचित्र टप्प्याटप्प्याने कसं उभं राहतं, ते समजून घेऊया.

तैलरंग म्हणजे नेमकं काय?

रंगाची बारीक भुकटी तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. हे तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं. होय, ज्याची चटणी होते तेच जवस.

मग शेंगदाण्याचं तेल का चालत नाही? कारण ते वाळत नाही. जवसाचं तेल मात्र हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतं आणि शेवटी त्याचा टणक पापुद्रा बनतो. स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीला बाहेरून जो चिकट थर धरतो, तो काहीसा याच प्रकारचा. म्हणजे तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्याच्यात रासायनिक बदल होतो आणि त्याला वेळ लागतो.

हाच संथपणा पोर्ट्रेटसाठी वरदान ठरतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून पोस्टर कलर आणि जलरंगाची सवय झालेल्या हाताला रंग पटकन वाळणार हे गृहीत असतं. तैलरंग मात्र कित्येक तास ओला राहतो. गालावरचा उजेड सावलीत हळुवार मिसळता येतो. चुकलं तर कापडाने पुसून पुन्हा रंगवता येतं.

युरोपात पंधराव्या शतकात यान व्हॅन आइकसारख्या चित्रकारांनी हे माध्यम फार पुढे नेलं. १८४१ मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी रंगासाठी धातूच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तयार रंग सोबत घेऊन फिरणं सोपं झालं. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे या पद्धतीचं शिक्षण इथे रुजलं. पेस्तनजी बोमनजी, एम. व्ही. धुरंधर, मूळचे गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद, गोपाळ देऊसकर ही सगळी नावं त्याच परंपरेतली.

सामान काय लागतं?

सुरुवातीला मोठा सेट घ्यायची गरज नाही. एवढं पुरतं:

• कॅनव्हास किंवा कॅनव्हास बोर्ड: साधारण १२ x १६ इंचांचा. त्यावर प्रायमरचा थर हवा. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावला तर तेल धाग्यात मुरतं आणि कापड काळाने कमजोर होतं.

• ब्रश: राठ केसांचे दोन-तीन मोठे आणि मऊ केसांचे दोन लहान. सर्वात बारीक ब्रश आधी बाजूला ठेवून द्यावा.

• रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक लाल (कॅडमियम रेड लाइट किंवा व्हर्मिलियन), आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट अंबर.

• इतर: जवसाचं तेल, टर्पेंटाइन किंवा कमी वासाचा सॉल्व्हंट, पॅलेट, पॅलेट नाइफ, जुनी सुती कापडं.

पांढरा, यलो ऑकर, लाल आणि काळा हे चारच रंग वापरून चेहरा रंगवण्याची पद्धत स्वीडिश चित्रकार आंदेर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाते. यात निळा नाही. पण आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की होणारा राखाडी रंग तांबूस त्वचेशेजारी चक्क निळसर दिसतो. रंग शेजारी काय आहे त्यावर बदलतो, हा धडा या चार ट्यूबमधून फुकट मिळतो.

समोर माणूस हवा की फोटो?

शक्य असेल तेव्हा माणूस. पण नेहमी ते शक्य नसतं. संसदेच्या सेंट्रल हॉलमधलं लोकमान्य टिळकांचं तैलचित्र गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेलं आहे. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. टिळक गेले १९२० मध्ये आणि देऊसकरांचा जन्म १९११ चा. म्हणजे टिळकांना समोर बसवून चित्र काढण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी चित्रकाराला छायाचित्रांचाच आधार असतो. मात्र प्रत्यक्ष माणसं रंगवून डोळा तयार झाला असेल तरच फोटोत नसलेली खोली चित्रात आणता येते.

मोबाइलच्या फोटोत तीन अडचणी असतात. फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरला की नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. फ्लॅश मारला की सावल्याच नाहीशा होतात. ब्यूटी मोड सुरू असेल तर त्वचेवरचे बारीक चढ-उतार पुसले जातात. म्हणून सहा-सात फुटांवरून, थोडं झूम करून, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून फोटो घ्यावा.

फोटोपेक्षाही महत्त्वाचा आहे उजेड. एकाच बाजूने, थोडा वरून येणारा उजेड असला की चेहऱ्यावर उजेड आणि सावली यांचे स्पष्ट भाग पडतात. स्टुडिओसाठी उत्तरेची खिडकी पसंत केली जाते, कारण वर्षातला बहुतेक काळ तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड फारसा बदलत नाही. घरात एक खिडकी उघडी ठेवून ट्यूबलाइट बंद केली तरी काम भागतं.

पायरी १: रेखाटन

कॅनव्हास पूर्ण पांढरा असेल तर त्यावर लावलेला प्रत्येक रंग गडद वाटतो. म्हणून आधी पातळ केलेला अंबर कापडाने सगळीकडे पुसून मध्यम तपकिरी पार्श्वभूमी करून घेतात. मग त्याच रंगाने, ब्रशने रेखाटन.

प्रमाणाचे काही ठोकताळे असे:

• डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. नवशिके ते हमखास वर काढतात, कारण केसांखालची कवटी विसरली जाते.

• समोरून पाहिलं तर चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याचं अंतर.

• कान ढोबळमानाने भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत.

पण हे सरासरीचे आकडे आहेत आणि सरासरी चेहरा कुणाचाच नसतो. साम्य येतं ते समोरचा माणूस या सरासरीपासून कुठे वेगळा आहे, ते हेरल्यावर. नाक आणि वरचा ओठ यांत अंतर जास्त आहे का? एक भुवई वर आहे का? हात लांब करून, एक डोळा मिटून, ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवत अंतरं मोजायची ती यासाठीच.

या टप्प्यावर पापण्या काढायच्या नाहीत. जागा आणि कोन ठरले की रेखाटन संपलं.

पायरी २: डोळे बारीक करा, सावली शोधा

चित्र जमणार की फसणार, ते बहुतेक वेळा या पायरीवर ठरतं.

समोरच्या चेहऱ्याकडे डोळे किलकिले करून पाहिलं की तपशील गायब होतात. उरतात ते दोनच गट, उजेडातला भाग आणि सावलीतला भाग. डोळ्याची खोबण, नाकाखालची जागा, खालच्या ओठाखालची आणि हनुवटीखालची सावली बऱ्याचदा एकमेकांत मिसळून एकच मोठा आकार होतो. हा आकार बर्न्ट अंबरने पातळ रंगवून घ्यायचा. याला अंडरपेंटिंग म्हणतात.

ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून येत असेल तर त्याच्या पापण्या दिसत नाहीत, तरी तो ओळखू येतो. ती ओळख डोक्याचा आकार, मानेचा कल आणि चेहऱ्यावरच्या मोठ्या सावल्या यांतून पटते. चित्राचंही तसंच आहे. या दोन टोनमध्ये माणूस ओळखू येत नसेल, तर पुढे हजार तपशील भरले तरी तो येत नाही.

याचं एक उत्तम उदाहरण व्हॉट्सअॅपवर वारंवार फिरतं. हातातल्या दिव्याच्या उजेडात उजळलेली साडीतली स्त्री, असं ते चित्र. अनेकदा ते राजा रविवर्मांचं तैलचित्र म्हणून फॉरवर्ड होतं. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे आणि मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे. बघणाऱ्याला ते खरं वाटतं ते तेलामुळे नाही, उजेड आणि सावली अचूक पडल्यामुळे. तैलरंग कामं सोपी करतो, पण ही नजर तो देत नाही.

पायरी ३: ‘स्किन कलर’ नावाचा रंग नसतो

शाळेच्या खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा आणि त्याला सगळे ‘स्किन कलर’ म्हणायचे. वर्गातल्या कुणाचीच त्वचा त्या रंगाची नसायची. तैलरंगातही तयार ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब मिळते. ती न घेतलेली बरी.

त्वचा एका रंगाची नसते. कपाळाकडे ती थोडी पिवळसर झुकते. नाक, गाल आणि कान यांच्याखाली रक्तवाहिन्या जास्त असल्याने तिथे तांबूस छटा येते. दाढी असणाऱ्या पुरुषांच्या हनुवटीकडे राखाडी-हिरवट झाक असते. खिडकीचा उजेड निळसर असेल तर सावळ्या त्वचेवरचा चमकता भागही निळसर दिसतो.

मिश्रण करताना आधी टोन ठरवायचा, मग रंग. म्हणजे ‘हा भाग किती गडद आहे?’ हा पहिला प्रश्न आणि ‘तांबूस की पिवळसर?’ हा दुसरा. टोन बरोबर असेल तर रंगात थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं. उलट चालत नाही. खात्री करायची असेल तर चित्राचा फोन कॅमेऱ्याने कृष्णधवल फोटो काढून मूळ फोटोशेजारी ठेवावा.

गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेसाठी अंबर, ऑकर आणि लाल यांच्या मिश्रणापासून सुरुवात करतात आणि पांढरा अगदी बेताने घालतात. पांढरा जास्त झाला की त्वचा खडूसारखी, निर्जीव होते. सावलीसाठी नुसता काळा घातला तरी तेच. सावलीतही रंग असतो, तो बहुतेक वेळा तपकिरी-तांबूस असतो.

इथे एक जुना मुद्दा आहे. पोर्ट्रेट करून घेणाऱ्यांकडून ‘जरा उजळ दाखवा’ अशी मागणी येते. पण सावळ्या चेहऱ्यात पांढरा वाढवला की फक्त रंग बदलत नाही. उजेड आणि सावली यांतलं अंतर बिघडतं, गालाचं हाड सपाट होतं, चमक विझते. माणूस गोरा होतो की नाही माहीत नाही, पण तो ‘तो’ राहत नाही. उजळपणा हवा असेल तर माणसाला जास्त उजेडात बसवावं. त्वचेचा रंग आहे तोच ठेवावा.

पायरी ४: डोळे, नाक, ओठ आणि कडा

मोठे आकार बसल्यावरच अवयवांकडे वळायचं.

डोळे: डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो. तो गोल नेत्रगोलाचा भाग आहे आणि त्यावर वरच्या पापणीची सावली पडते, म्हणून तो राखाडीच असतो. शुद्ध पांढरा फक्त शेवटच्या चमकेच्या ठिपक्यासाठी राखून ठेवावा. पापण्या एकेक न मोजता एक गडद पट्टा म्हणून पाहाव्यात.

नाक: नाकाला बाजूची रेघ नसते. बाजूचा उतार आणि खालची सावली बरोबर आली की नाक आपोआप पुढे येतं.

ओठ: वरून उजेड असेल तर वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद दिसतो. भाव ओठांच्या कोपऱ्यांत असतो. तिथे किंचित चुकलं तरी चेहरा रागीट किंवा छद्मी वाटतो.

केस: एकेक केस काढू नयेत. केसांचा एक गडद आकार, त्यावर उजेडाचा पट्टा आणि शेवटी मोजके सुटे केस.

आणि कडा. फोटोवरून केलेली चित्रं अनेकदा कापून चिकटवल्यासारखी दिसतात, कारण सगळ्या कडा सारख्याच धारदार असतात. प्रत्यक्षात केस पार्श्वभूमीत विरतात, सावलीतला गाल मानेत मिसळतो आणि एखाद्याच ठिकाणी, समजा उजेडातल्या नाकाशी, कड स्पष्ट असते. कोरड्या मऊ ब्रशने ओली कड हलकेच पुसली की ती विरते.

पायरी ५: थर आणि धीर

तैलरंगाचा एक नियम मोडला तर चित्र काही वर्षांनी स्वतःच तक्रार करतं. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात तेल जास्त.

म्हणून पहिला थर सॉल्व्हंटने पातळ केलेला असतो आणि पुढच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत नेतात. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि लवचीक राहतो. तो खाली गेला आणि वर कमी तेलाचा थर आला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि पृष्ठभागाला तडे जातात.

अंबरसारखे रंग एक-दोन दिवसांत हाताला कोरडे लागतात. काळा आणि पांढरा जास्त वेळ घेतात. जाड थराला आठवडाही पुरत नाही. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत हा वेळ लांबतो आणि ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरू शकते. चित्र हवेशीर, उजेडाच्या खोलीत ठेवावं, बंद कपाटात नाही.

थर वाळल्यावर त्यावर तेलात मिसळलेल्या पारदर्शक रंगाचा पातळ हात देता येतो. याला ग्लेझिंग म्हणतात. गालावरची लाली किंवा सावलीची ऊब यातून वाढवता येते. शेवटचं वॉर्निश मात्र साधारण सहा महिने ते वर्षभराने. वरून कोरडं दिसणारं चित्र आतून तेव्हाही वाळतच असतं.

हे विसरू नका: तेलाची कापडं पेट घेऊ शकतात

जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. तेलाने भिजलेली कापडं बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि कापडं आपोआप पेटू शकतात. आगकाडीची गरज लागत नाही. वापरलेली कापडं मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात. ते बेसिनमध्ये ओतू नये. काही दिवस स्थिर ठेवलं की रंग तळाशी बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. काही रंगांत कॅडमियम किंवा शिशासारखे विषारी धातू असतात, म्हणून ट्यूबवरची सूचना वाचावी आणि हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू नये.

सुरुवात कुठून करायची?

आधी बघण्यापासून. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुष वेशातलं आणि एक स्त्री भूमिकेतलं. माणूस एकच, पण बसण्याची ढब, उजेड आणि कडा बदलल्या की काय काय बदलतं, हे त्या दोन चित्रांपुढे उभं राहिल्यावर कळतं. अशी चित्रं आधी लांबून पाहावीत, मग जवळ जाऊन. लांबून जो चेहरा असतो, तो जवळ गेल्यावर रंगाच्या फटकाऱ्यांमध्ये सुटा होतो.

मग घरी आरसा, एक खिडकी आणि अंबरची एक ट्यूब. अर्धा तास, एकच मोठा ब्रश, फक्त दोन टोन, डोळ्यांत बुबुळं काढायची नाहीत. संपल्यावर ते चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून घरातल्या कुणाला तरी विचारायचं, ‘कोण आहे हे?’

उत्तर बरोबर आलं, तर बारीक ब्रश हातात घ्यायला हरकत नाही.